मालवण-तारकर्ली-देवबाग : रापण लावायची कुठे?

खाडीकाठचा

मालवणचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रकारचे प्रतिसाद येतात. एक, 'अप्रतिम! सुरमई थाळी आणि स्कूबा'. दुसरा, 'वाट लावली हो आमच्या मालवणची'. दोन्हींतून काही हाती लागत नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मालवण बंदरापासून तारकर्ली आणि पुढे देवबागच्या टोकापर्यंतचा किनारा आणि तिथली रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, एवढाच विषय. माझं आजोळ याच पट्ट्यात आहे, त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाही हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. मालवण हे बंदराचं गाव. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग, ज्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली, आणि तिथून पुढे जमीन अरुंद होत जाते ते थेट देवबाग. देवबागात एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माड, घरं आणि एक रस्ता. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, तो संगम. त्याच्या आतल्या बाजूला वाळूचा एक दांडा वर आलेला आहे. त्याला आता सगळे 'सुनामी आयलंड' म्हणतात आणि तिथे भर नदीत टेबलं मांडून भजी विकतात.

इथली वस्ती मुख्यतः गाबीत समाजाची, म्हणजे दर्यावर जगणारी. मुंबईहून येणाऱ्या बोटी मालवणला लागायच्या तेव्हा बाहेरचा माणूस यायचा, पण तो बहुतेक चाकरमानीच. पर्यटक हा प्राणी फार उशिरा आला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली आणि कुडाळ स्टेशन हाताशी आलं. तारकर्लीच्या सुरूच्या बनात पर्यटन महामंडळाचं निवासस्थान होतं, त्याच्या आजूबाजूच्या घरांनी मग एकेक खोली रंगवून 'निवास-न्याहारी'ची पाटी लावली. पुढे किल्ल्याच्या मागे स्नॉर्कलिंग, मग स्कूबा, मग पॅरासेलिंग आणि बनाना राइड. तारकर्लीत महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाही उभी राहिली. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं. पस्तिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, त्याला पर्यटकांशिवायचं तारकर्ली आठवत नाही.

आता मुद्द्यावर येतो. सरकारी कागदांत आणि भाषणांत पर्यटनाला मच्छीमारांचा 'जोडधंदा' म्हणतात. जोडधंदा कधी? मूळ धंदा बंद असताना केला तर. भातशेती झाली की आंब्याकाजूचं बघायचं, हा जोडधंदा. इथे यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, आणि किल्ल्याची होडी, स्कूबा, सगळी प्रवासी वाहतूक २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद. म्हणजे पावसात दोन्हीकडे शुकशुकाट आणि पाऊस सरला की दोन्हीकडे एकदम घाई. दिवाळीच्या सुट्टीत बांगडा किनाऱ्याला लागतो तेव्हाच पुण्या-कोल्हापूरच्या गाड्याही लागतात. तेच हात, तीच होडी, तीच सकाळ. एक करायचं तर दुसरं सोडावं लागतं.

आणि तीच जागा. हा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: होडी जाळं घेऊन किनाऱ्यावरून निघते, एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ठेवून. समुद्रात मोठा अर्धगोल मारत जाळं सोडत जाते आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांवर माणसं लागतात. दोर कमरेला टेकवून, तोंड समुद्राकडे करून, टाच वाळूत रोवत मागे मागे जायचं. मागचा माणूस वर पोचला की दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ येऊन पुढे लागतो. दोन्ही टोळ्या ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. शेवटी जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात आली की आरडाओरडा सुरू होतो, तारली आणि पेडवे चांदीसारखे उसळतात, वर घारी आणि कावळे. मासळी वाळूवर ओतली की वाटे पडतात.

या सगळ्याला लागते मोकळी वाळू. शंभर-दोनशे पावलं नव्हे, त्याहून कितीतरी जास्त, आणि समोरचं पाणीही मोकळं. तिथे आज काय आहे ते तुम्ही पाहिलंच असेल. जेट स्कीची रांग, पॅराशूट उघडून ठेवलेलं, छत्र्या, खुर्च्या, नांगरलेल्या स्कूबाच्या होड्या. त्या होडीच्या नांगराला रापण अडकली की जाळं फाटतं.

पर्यटन वाईट असं मी म्हणत नाही. पण 'मासेमारी आपोआप मागे पडली' हे मला पटत नाही. ती मागे पडतेय कारण तिला पाय रोवायला वाळू उरलेली नाही. तुम्हाला काय वाटतं?

सोलकढी_स्पेशल

पहिला! सविस्तर वाचून प्रतिसाद देतो. पुढील लेखनाला शुभेच्छा.

बाणेरचा_बाळ्या

छान धागा. डिसेंबरात सहकुटुंब जातोय. देवबागला समुद्राकडची खोली चांगली की खाडीकडची? आणि स्कूबाला पोहता यावं लागतं का?

हिशेबनीस

लेख चांगला आहे पण थोडा स्मरणरंजनाकडे झुकलाय. रापण मोडायला जेट स्की कारणीभूत? रापणीचे मासे पर्यटक येण्याआधीच कमी झाले होते. आधी ट्रॉलर, मग पर्ससीन (अख्ख्या थव्याला वेढा घालणारी मोठी जाळी), मग रात्री एलईडी दिवे लावून मासे गोळा करणारे. थव्याने किनाऱ्याकडे येणारा बांगडा आणि तारली बाहेरच्या बाहेर उचलली जाते. किनाऱ्यावर येणार काय, कपाळ? पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ ला निघाला, एलईडीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. कागदावर सगळं आहे. मालवणच्या धक्क्यावर रात्री उभं राहा आणि क्षितिजाकडे बघा, बंदीचा उजेड दिसेल.

दुसरं. रापण ओढणाऱ्याच्या वाट्याला दिवसाकाठी काय येत होतं हेही लिहा की. माणसं भरपूर, मासळी त्यांच्यात वाटायची, आणि रिकामी पिशवी आली तर सगळ्यांना वाटून शून्य. त्याच माणसाच्या घरात आज चार खोल्या आहेत, मुलगी इंजिनीअरिंगला आहे. त्याला जाऊन सांगा, 'बाबा रे, संस्कृतीसाठी दोर ओढ'.

खाडीकाठचा

@हिशेबनीस, पर्ससीन आणि एलईडीबद्दल शंभर टक्के सहमत. ते मुख्य कारण आहेच, मूळ लेखात यायला हवं होतं इतकं मोठं. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात. मासे कमी झाले म्हणून माणूस होडीवर पर्यटक बसवतो. होड्या पर्यटकांकडे गेल्या की किनाऱ्यावर मासेमारांची संख्या कमी होते, आणि पर्ससीनविरुद्ध बंदरात मोर्चा काढायला माणसं उरत नाहीत.

@बाणेरचा_बाळ्या, खोलीचं दुसरं कोणीतरी सांगेल. पोहता यायची गरज नसते.

धक्क्यावरची

मी मालवणची. लग्न होऊन देवबागेक इलंय, म्हणजे दोनय बाजू माका ठावक आसत. घरात मालवणीच, पण हय सगळ्यांका कळाक व्हया म्हणून पुढचं सरळ लिहिते.

रापणीबद्दल पुरुषांनी पुष्कळ लिहिलं. मासा वाळूवर आल्यानंतर काय होतं ते कोणी लिहीत नाही. पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत चालत मासे विकणाऱ्या बायका होत्या. माझी सासू त्यातली. तिची गिऱ्हाइकं ठरलेली, कोणाकडे उधारी, कोणाकडे मासे देऊन तांदूळ. हा धंदा तिच्या स्वतःच्या हातातला होता. पैसे तिच्या कनवटीला.

आता आमच्याकडे खोल्या आहेत. पहाटे पाचला उठून वाटण, सकाळी घावणे, दुपारी थाळी, संध्याकाळी पुन्हा थाळी, मध्ये चादरी. मे महिन्यात पाठ टेकत नाही. बुकिंग मात्र नवऱ्याच्या फोनवर येतं आणि पैसेही त्याच्याच खात्यात. नवरा चांगला आहे, तक्रार नाही. पण सासूला विचारलं तर ती म्हणते, 'माजा कष्ट माजा होता'.

खोल्या नको असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलांनी वादळात होडी घेऊन जाऊ नये असंच मला वाटतं.

तिरफळ

+१ धक्क्यावरची. हा प्रतिसाद म्हणजेच खरा लेख.

थाळीवरून आठवलं. रापणीचा मासा म्हणजे तारली, पेडवे, बांगडे, मुडदुशे, सौंदाळे. पर्यटकाला पाहिजे सुरमई, पापलेट, नाहीतर कोळंबी. म्हणजे ज्या किनाऱ्यावर बसून तो जेवतो त्या किनाऱ्याचा मासा त्याच्या ताटात नसतोच. तारल्यांत काटे म्हणून नको, पेडवे बारीक म्हणून नको. सुरमई बाहेरून आली तरी चालते. सुट्टीच्या दिवसांत इतकी सुरमई मालवणच्या बंदरात उतरते तरी का? ज्याने त्याने विचार करावा.

मुडदुशाचं तिखलं किंवा तारल्यांची तिरफळं घालून केलेली आमटी मेनूकार्डावर शोधून दाखवा. घरी पाहुणे म्हणून गेलात तरच मिळेल.

पाणबुडा

मी स्कूबावाला, म्हणजे या धाग्यातला खलनायक. :)

माजो आजो रापणीक जाय, बापूस गिलनेटवर आणि मी टाक्ये घेऊन. दर्यो तोच. फक्त आजो पाण्यात माणूस पडू नये म्हणून बघायचा आणि मी पैसे घेऊन माणूस पाण्यात टाकतो.

थोडं स्पष्टीकरण. 'स्कूबा' म्हणून इथे जे बहुतेक पर्यटक करतात ते शिक्षण नव्हे, चाखणं आहे. उथळ पाणी, पर्यटकाच्या टाकीला मागून आमचा हात, तो स्वतः काहीच करत नाही. कान दुखला की खूण करा, एवढंच शिकवतो. व्हिडिओ काढतो. सगळ्यांना एकच पोझ पाहिजे. समुद्र स्वच्छ असेल तर मजा येते, पण गढूळ असेल तरी लोक रद्द करत नाहीत कारण सुट्टी दोनच दिवसांची. मग आम्ही मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकणारे लोक पाहतो. तो प्रकार मला अजिबात मान्य नाही. प्रवाळावर नांगर टाकणंही नाही. होड्यांसाठी कायमचे बोये, म्हणजे होडी बांधायला तळाशी जखडलेले तरंगते गोळे, बसवले तर दोन्ही प्रश्न अर्ध्यावर येतील, रापणीचासुद्धा, कारण होड्या कुठे उभ्या आहेत ते ठरलेलं राहील.

@खाडीकाठचा, नांगरात जाळं अडकलं की भांडण होतं हे खरं. आमच्या वाडीत त्यावर तोंडी तोडगा निघालाय: मासळी दिसली आणि रापणीची होडी निघाली की त्या पट्ट्यातल्या राइड थांबवायच्या. वाडीतले आहेत तोवर ऐकतात. बाहेरच्या मालकाची जेट स्की आणि चालवणारा पगारी पोरगा असेल तर तो कोणाचं ऐकणार?

मांडवीतीर

गोव्याहून वाचतोय. तुम्ही ज्या ठिकाणी आज उभे आहात तिथे कळंगुट-कांदोळी पन्नास वर्षांपूर्वी होतं. तिथेही रापणच होती, आम्ही रांपण म्हणतो. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले आणि रांपणकार रस्त्यावर उतरले. आमचे पुढारी माथानी साल्ढाणा त्या आंदोलनातून पुढे आलेले. १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला तो त्याच दबावामुळे. लढाई ट्रॉलरशी चालू असताना मागे वाळूवर हिप्पी आले होते, मग हॉटेलं, मग १९८७ पासून चार्टर विमानं. ट्रॉलरशी लढणाऱ्यांचं लक्ष समुद्राकडे होतं आणि जमीन पाठीमागून गेली. आज त्या पट्ट्यात वाळूवर शॅक, त्यांचे परवाने सोडतीने, आणि होड्या बऱ्याच ठिकाणी डॉल्फिन ट्रिपला.

म्हणून माझा प्रश्न समुद्राबद्दल नाही. देवबाग-तारकर्लीत किनाऱ्यालगतची जमीन अजून गावकऱ्यांच्या नावावर आहे का?

खाडीकाठचा

@मांडवीतीर, नेमका प्रश्न. उत्तर गमतीचं आहे: बरीचशी आहे, आणि त्याचं श्रेय दूरदृष्टीला नाही, सातबाऱ्याला आहे.

आमच्या आजोळच्या जागेच्या उताऱ्यावर पणजोबांच्या भावांपासूनची नावं आहेत. त्यातले काही मुंबईत, एक शाखा बडोद्याला, दोघांचा पत्ताच नाही. गिऱ्हाईक येऊन गेलं, आकडा ऐकून मामाला रात्रभर झोप नव्हती. पण सगळ्यांच्या सह्या मिळेनात. मोठ्या कंपनीला असली जागा नको असते, तिला एकाच सहीत मोकळं व्हायचं असतं. मग मामाने राहत्या घरालाच चार खोल्या काढल्या. कोकणातली सामाईक जमीन हा शाप म्हणून सगळे रडतात, पण या पट्टीत तिने बांध घातलाय.

सीआरझेडचाही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या केंद्राच्या नियमांचाही, थोडा हात आहे. भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात नवं मोठं बांधकाम होत नाही, पण २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांच्या घरांत होमस्टेला वाट ठेवलेली आहे. ही वाट गावकऱ्यासाठी आहे. तिच्यातून भाडेपट्ट्याने कोण आत शिरतंय ते मात्र बघावं लागेल. नाव मामाचं, चालवणारा दुसराच, असं आता दिसायला लागलंय.

हिशेबनीस

सातबाऱ्याचा मुद्दा आवडला. एकदा कुळकायद्याच्या अंगानेही लिहा. किनाऱ्यावरच्या किती घरांखालची जमीन खरोखर राहणाऱ्याच्या नावावर आहे, हा वेगळाच गुंता आहे.

कोल्हापुरी_चप्पल

आम्ही दरवर्षी येतो. रस्ता अरुंद, पार्किंग नाही, देवबागला समोरून बस आली की अर्धा तास. आधी रस्ता रुंद करा मग बाकीचं बोला.

धक्क्यावरची

@कोल्हापुरी_चप्पल, रस्ता रुंद करायला जमीन कुठनं आणायची? एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, आणि दर्या तर दर पावसाळ्यात आत येतोय. दगडी बंधारा घातला तेव्हा घरं वाचली, ते नाकारत नाही. पण दगडांवरून होडी वर ओढता येत नाही आणि रापणही लागत नाही. ज्या भागात बंधारा झाला तिथली मासेमारी संपली, एवढी सरळ गोष्ट आहे. गाडी छोटी आणा.

सोलकढी_स्पेशल

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं काय? पर्यटनावर धागा आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही? डिसेंबर २०२३ ला उभा केला, ऑगस्ट २०२४ ला पडला...

संपादक मंडळ

त्या विषयावर दोन धागे चालू आहेत आणि एक बंद करावा लागला आहे. कृपया इथे नको. पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

आंग्रिया

वाचनमात्र होतो, पण अभयारण्याचा उल्लेख नाही म्हणून लिहितो. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ मध्येच सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर. मच्छीमारांनी तेव्हापासून विरोध केला, आणि तो कळण्यासारखा आहे. घरापुढचा समुद्र एका सकाळी अभयारण्य झाला, असं त्यांना वाटलं. कोणी विचारलं नव्हतं. अंमलबजावणी कधी धड झाली नाही.

गंमत अशी की ज्या प्रवाळासाठी ते जाहीर झालं त्याच प्रवाळावर पुढे स्नॉर्कलिंगचा धंदा उभा राहिला. म्हणजे आता प्रवाळ जगण्यात पैसा आहे, आणि तो पैसा मिळवणारी मुलं त्याच घरांतली आहेत ज्यांनी विरोध केला होता. त्यांना विश्वासात घ्यायची ही वेळ आहे. पाणबुडा म्हणतात ते बोये हे चांगलं पहिलं काम ठरेल. निवतीच्या बाजूला नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' बुडवून कृत्रिम प्रवाळ करायची योजना आहे, तिच्यासोबत हाही खर्च निघू शकतो.

पाणबुडा

@आंग्रिया, सहमत. सुरक्षेबद्दलही एक. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कूबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यानंतर काही दिवस सगळे लाइफ जॅकेट घालत होते. आजही पर्यटकच जॅकेट काढून फोटो काढायला लागतात आणि आम्ही ओरडलो की गूगलवर एक तारा देतात. एक तारा द्या, जॅकेट घाला.

बाणेरचा_बाळ्या

अहो माझ्या खोलीचं राहिलंच. आणि डिसेंबरऐवजी जूनमध्ये आलो तर स्वस्त पडेल का?

धक्क्यावरची

@बाणेरचा_बाळ्या, जूनमध्ये स्वस्त पडेल, पण किल्ल्यात जाता येणार नाही, होडी बंद असते. स्कूबा बंद. ताजा मासाही बेताचाच, सुकं खावं लागेल. पाऊस बघायचा असेल, खाडीत गरवायला (गळ टाकून) बसायचं असेल तर जरूर या. नारळी पौर्णिमेला मालवण बंदरात या, किनारा माणसांनी भरलेला असतो आणि नारळ लढवायची झुंबड. पोरांना मजा येईल. खोली खाडीकडची घ्या, समुद्राकडच्या खोलीत रात्री गाज इतकी येते की शहरातली माणसं झोपत नाहीत.

बाणेरचा_बाळ्या

धन्यवाद ताई! डिसेंबरच पक्कं. रापण बघायला कुठे मिळेल? पैसे देऊन ओढता येते का, मुलांसाठी विचारतोय.

खाडीकाठचा

@बाणेरचा_बाळ्या, वेळापत्रक नसतं. मालवणात चिवला किनाऱ्यावर किंवा तारकर्लीच्या बाजूला सकाळी लवकर जाऊन बघायचं. होडी निघाली असेल तर दिसेल. काही ठिकाणी 'रापण अनुभव' म्हणून पैसे घ्यायला लागलेत असं ऐकतो. मला ते जरा खटकतं, पण जाळं दुरुस्त करायला दोन पैसे मिळत असतील तर बोलणारा मी कोण? @धक्क्यावरची, तुमच्या वाडीत घेतात का?

धक्क्यावरची

आमच्या वाडयेत पैशे घेनत नाय. ओढूक लागल्यार वाटो मेळता, पाव्हणो असो नायतर घरचो. पण पिशवी वर येईसर ओढूक व्हयी. फोटो काढून मधीच गेलास तर तारली नाय.